बीम टेलिस्कोपवर पिक्सेल संवेदकाची चाचणी: मांडणीपासून अंतिम आकड्यापर्यंत

सिलिकॉन पिक्सेल संवेदकाची पहिली चाचणी प्रयोगशाळेतल्या टेबलावर होते. स्ट्रॉन्शियम-९० चा लहानसा स्रोत संवेदकावर ठेवला की त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन सिलिकॉनमधून आरपार जातात, पिक्सेल नोंद देतात आणि संवेदक जिवंत आहे एवढे कळते. मात्र कोणता इलेक्ट्रॉन नेमका कोणत्या बिंदूतून गेला हे बाहेरून ठाऊक नसल्यामुळे खरे महत्त्वाचे दोन प्रश्न तेथे अनुत्तरितच राहतात. संवेदकाने सांगितलेली जागा खऱ्या जागेच्या किती जवळ असते, आणि कण गेला असूनही संवेदक किती वेळा गप्प राहतो? या प्रश्नांसाठी ऊर्जा ठाऊक असलेली कणशलाका लागते आणि प्रत्येक कणाचा मार्ग स्वतंत्रपणे मोजणारी साक्षीदार प्रतले लागतात. या साक्षीदारांच्या रांगेला बीम टेलिस्कोप म्हणतात, आणि मधोमध ठेवलेल्या, परीक्षा द्यायला आलेल्या संवेदकाला टेस्ट बीमवर (चाचणीसाठीच्या कणशलाकेवर) सगळे ‘डीयूटी’ (डिव्हाइस अंडर टेस्ट) म्हणतात.

पुढील मार्गदर्शन जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील डेझी या कणभौतिकी संशोधन संस्थेची टेस्ट बीम आणि तेथील युडेट (संवेदक-विकासाचा एक युरोपीय प्रकल्प) धर्तीचे टेलिस्कोप डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. या टेलिस्कोपांना वनस्पतींची नावे देण्याची प्रथा आहे. डेझीतील एकाचे नाव ड्युरांटा आहे, म्हणजे आपल्याकडे कुंपणाला लावतात ते झुडूप, आणि दुसऱ्याचे डाटुरा, म्हणजे आपला धोतरा. डाटुरा हे शास्त्रीय नाव मुळात संस्कृत ‘धत्तूर’वरूनच गेलेले आहे, त्यामुळे हॅम्बुर्गच्या त्या हॉलमध्ये हे नाव वाचताना मला नेहमीच बरे वाटते.

बीम समजून घेणे

डेझी-२ या सिंक्रोट्रॉनमध्ये (कणांना वर्तुळाकार फिरवत वेग देणाऱ्या यंत्रात) फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेत काही मायक्रॉन जाडीचा कार्बन तंतू ठेवलेला असतो. त्यावर आदळून निघालेले फोटॉन धातूच्या पातळ पत्र्यावर पडतात, तेथे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार होतात, आणि पुढचा द्विध्रुवी चुंबक त्यांतून हव्या त्या संवेगाचे कण निवडून आपल्या कक्षात पाठवतो. चुंबकाचा विद्युतप्रवाह बदलून १ ते ६ जीईव्ही (१ जीईव्ही म्हणजे एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) या पट्ट्यातील ऊर्जा मिळते. ऊर्जा वाढवत वरच्या टोकाला नेली की कणांचा दर घटतो, म्हणून ‘जास्तीत जास्त ऊर्जा’ हे नेहमीच शहाणपणाचे उत्तर नसते. ४ ते ५ जीईव्हीवर बहुतेकांची तडजोड होते.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातील एसपीएस या त्वरक यंत्रावर १२० जीईव्ही किंवा त्याहून अधिक ऊर्जेचे पायॉन (इलेक्ट्रॉनहून जड असे कण) मिळतात. तेथे कण काही सेकंदांच्या झोतांमध्ये येतात आणि मध्ये विराम असतो. या दोन बीममधला फरक मांडणीच्या प्रत्येक निर्णयात डोकावतो, आणि त्याचे कारण पुढच्या टप्प्यात आहे.

प्रतले कुठे ठेवायची

युडेट धर्तीच्या टेलिस्कोपमध्ये मिमोझा-२६ या संवेदकाची सहा प्रतले असतात, तीन डीयूटीच्या आधी आणि तीन नंतर. प्रत्येक संवेदकात १,१५२ × ५७६ पिक्सेल असतात, दोन पिक्सेलमधले अंतर १८.४ मायक्रॉन असते आणि सिलिकॉनची जाडी अवघी ५० मायक्रॉन. पिक्सेल फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगत असेल आणि एका वेळी एकच पिक्सेल उजळत असेल, तर जागेची अनिश्चितता पिक्सेलच्या रुंदीला १२ च्या वर्गमूळाने भागून मिळते, म्हणजे येथे ५.३ मायक्रॉन. प्रत्यक्षात मिमोझामध्ये प्रभार विसरणाने पसरतो आणि शेजारच्या दोन-चार पिक्सेलमध्ये वाटला जातो, त्यामुळे पुंजक्याचा मध्य काढता येतो आणि अनिश्चितता सुमारे ३.२ मायक्रॉनपर्यंत उतरते. अशी सहा मोजमापे एकत्र केली, तर मधोमध मार्गाची अनिश्चितता कागदावर ३.२ भागिले ६ चे वर्गमूळ, म्हणजे १.३ मायक्रॉन निघते.

हा १.३ चा आकडा कागदावरच राहतो, कारण कण सिलिकॉनमधून जाताना किंचित वळतो. अणुकेंद्रांजवळून जाताना बसणाऱ्या असंख्य बारीक धक्क्यांची ही बेरीज असते आणि तिला बहुप्रकीर्णन म्हणतात. तिचा अंदाज हायलँडच्या सूत्राने येतो. वळणाचा कोन पदार्थाच्या ‘रेडिएशन लेंथ’मध्ये (वेगवान इलेक्ट्रॉन ज्या जाडीत आपली बहुतेक ऊर्जा गमावतो त्या लांबीच्या एककात) मोजलेल्या जाडीच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो आणि संवेगाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. सिलिकॉनची रेडिएशन लेंथ ९३.७ मिलिमीटर आहे. ५० मायक्रॉनच्या एका प्रतलासाठी ५ जीईव्हीवर हा कोन सुमारे ४५ मायक्रोरेडियन येतो. पुढचे प्रतल १५० मिलिमीटरवर असेल तर एवढ्या वळणाने मार्ग तेथे जवळजवळ ७ मायक्रॉन सरकतो. २० मिलिमीटरवर असेल तर एका मायक्रॉनहून कमी. १२० जीईव्हीच्या पायॉनसाठी मात्र १५० मिलिमीटरवरही सरकणे ०.३ मायक्रॉनच्या आतच राहते.

म्हणून डेझीवर प्रतले डीयूटीला शक्य तितकी खेटून ठेवावीत, आणि एसपीएसवर ऐसपैस पसरायला हरकत नाही. डेझीवर प्रतलांमध्ये २० मिलिमीटर अंतर ठेवून मार्गाची अनिश्चितता २ मायक्रॉनच्या आत आणता येते, आणि एवढ्या कमी ऊर्जेवर ही खरोखर मोठी गोष्ट आहे.

येथे नवखे लोक एक गोष्ट हमखास विसरतात. टेलिस्कोपच्या प्रतलांची जाडी काटेकोरपणे मोजली जाते, पण डीयूटी ज्या सर्किट बोर्डावर बसवलेला आहे त्या बोर्डाकडे कोणाचे लक्ष जात नाही. १.६ मिलिमीटर जाडीचा साधा बोर्ड म्हणजे जवळपास १ टक्का रेडिएशन लेंथ. ५ जीईव्हीच्या इलेक्ट्रॉनला तो ०.२ मिलिरेडियनचा झटका देतो, आणि १५० मिलिमीटर पुढे तोच झटका ३० मायक्रॉनचा झालेला असतो. मागची तीन प्रतले मग पुढच्या तीन प्रतलांशी वेगळीच गोष्ट सांगू लागतात. यावर उपाय सोपा आहे, पण तो बोर्ड बनवण्याआधीच करावा लागतो: संवेदकाच्या मागे बोर्डाला खिडकी कापून घ्यावी. थंड ठेवण्याच्या पेटीच्या भिंतींनाही बीमच्या वाटेत पातळ पडद्याची खिडकी असावी.

संवेदक सुरू करण्याआधी

प्रकाश, तापमान आणि बायस व्होल्टेज (संवेदक चालण्यासाठी त्याला दिलेला विद्युतदाब) या तीन गोष्टी बीम येण्यापूर्वी पक्क्या कराव्यात. सिलिकॉनला हॉलमधला दिवा आणि कण यांत फरक कळत नाही; प्रकाशामुळे गळतीप्रवाह (कण नसतानाही संवेदकातून वाहणारा प्रवाह) वाढतो आणि गोंगाटही वाढतो. काळे अपारदर्शक फॉइल लावल्यावर हॉलचे दिवे लावून आणि विझवून प्रवाहाचा आकडा पाहावा. तो हलला तर कोठेतरी फट आहे.

बायस व्होल्टेज देताना प्रवाहमर्यादा आधी ठरवावी, मग पायरीपायरीने व्होल्टेज चढवत प्रत्येक पायरीवर प्रवाह नोंदवावा, आणि हा आलेख प्रयोगशाळेत घेतलेल्या आलेखाशी ताडून पाहावा. प्रवासात हादरा बसलेला संवेदक येथेच ओळखू येतो. किरणोत्साराने मुद्दाम खराब केलेले संवेदक तपासायचे असतील तर त्यांना शून्याखाली वीस अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागते, कारण तापमान सुमारे सात अंशांनी वाढले की गळतीप्रवाह दुप्पट होतो. थंड संवेदकावर दव साचू नये म्हणून पेटीत कोरड्या नायट्रोजनचा प्रवाह सतत हवा, आणि थंड करण्याचे यंत्र चालू करण्याआधी तो पुरेसा वेळ सोडलेला असावा. पेटी उघडतानाही आधी संवेदक खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. घाईत उघडलेल्या पेटीत वायरबाँडांवर (संवेदकाला बोर्डाशी जोडणाऱ्या बारीक तारांवर) पाण्याचा थर डोळ्यांदेखत चढतो, आणि त्या स्थितीत व्होल्टेज चालू असेल तर तो संवेदक गेलाच म्हणून समजावे.

मग येतो थ्रेशोल्ड, म्हणजे पिक्सेलने नोंद द्यायला लागणारा किमान प्रभार. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन-होलची एक जोडी तयार व्हायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि वेगवान कण ३०० मायक्रॉन जाडीत साधारणपणे २२,००० इलेक्ट्रॉनांच्या पुढे प्रभार सोडतो. संवेदक १०० मायक्रॉनचा असेल तर ७,००० च्या आसपासच मिळतात. कण नेमका चार पिक्सेलच्या कोपऱ्यातून गेला तर प्रत्येकाच्या वाट्याला १,७५० येतात. त्यामुळे १,५०० इलेक्ट्रॉनांचा थ्रेशोल्ड ‘सुरक्षित’ वाटला तरी कोपऱ्यांत तो कड्याच्या काठावर उभा असतो, कारण प्रभार प्रत्येक कणागणिक बराच खालीवर होतो. थ्रेशोल्ड किती इलेक्ट्रॉनांचा आहे हे चाचणी-स्पंद देऊन प्रत्येक पिक्सेलसाठी मोजावे. नुसत्या सेटिंगच्या आकड्यावर विसंबू नये. बीम बंद ठेवून एक रन (नोंदींचे एक सलग सत्र) घ्यावा, सतत बडबडणारे पिक्सेल बंद करावेत आणि त्यांची यादी जपून ठेवावी. ती यादी शेवटी पुन्हा लागणार आहे.

ट्रिगर, वेळ आणि घटनांची जुळणी

टेलिस्कोपच्या दोन्ही टोकांना लहान सिंटिलेटर (कण गेला की चमकणारे तुकडे) असतात. ते एकाच वेळी उजळले की ट्रिगर युनिट सर्व उपकरणांना ‘आता नोंद घ्या’ असे सांगते आणि त्या घटनेला क्रमांक देते. प्रत्येक उपकरण नोंद घेत असताना ‘मी व्यग्र आहे’ असा संकेत देते, आणि सगळी मोकळी होईपर्यंत पुढचा ट्रिगर जात नाही.

अडचण वेळेच्या खिडकीची आहे. मिमोझा-२६ आपली चौकट (एका वेळचे पूर्ण चित्र) रांगेरांगेने वाचते आणि त्याला ११५ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला १०,००० कण येत असतील तर ट्रिगर देणाऱ्या कणाखेरीज सरासरी आणखी एखादा कण त्याच चौकटीत सापडतो. डीयूटी जर फक्त २५ नॅनोसेकंद डोळे उघडे ठेवत असेल तर त्याला हा पाहुणा दिसणारच नाही, आणि आपण मात्र ‘कण गेला, डीयूटी चुकला’ अशी खोटी नोंद करून बसू. याच कारणासाठी टेलिस्कोपमध्ये एक वेगवान पिक्सेल प्रतल वेळेचा साक्षीदार म्हणून बसवतात. बहुधा सर्नमधील अॅटलास प्रयोगासाठी बनलेल्या एफई-आय४ चिपचे, जिचे पिक्सेल २५० × ५० मायक्रॉनचे असतात आणि वेळ २५ नॅनोसेकंदांच्या खणांत मोजली जाते. त्याची जागेची अचूकता बेताचीच असते, पण ‘हा मार्ग ट्रिगरच्या क्षणीचाच आहे’ एवढे सांगायला ती पुरते.

रन सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटाला पाहायचा आलेख म्हणजे सहसंबंधाचा: आडव्या अक्षावर एका प्रतलातील स्तंभ, उभ्या अक्षावर डीयूटीतील स्तंभ. सगळे ठीक असेल तर तिरपी रेघ उमटते. रेघ उलट दिशेने तिरपी असेल तर डीयूटी पाठमोरा बसला आहे किंवा स्तंभांचा क्रम उलटा वाचला जात आहे. नुसता विस्कळीत धुरळा दिसला तर ट्रिगर क्रमांक जुळत नाहीत. एका रात्रपाळीत आमच्या वाचन-बोर्डाने एक ट्रिगर गाळला आणि तेथून पुढची प्रत्येक घटना एका क्रमांकाने मागे पडली. पडद्यावरची तिरपी रेघ मात्र तशीच ठळक होती, कारण तो आलेख रनच्या सुरुवातीपासून साचत आलेला होता आणि आधीची चांगली नोंद नंतरचा धुरळा झाकत होती. सकाळी विश्लेषणात कळले तेव्हा जवळपास सात तासांची नोंद निकामी झालेली होती. तेव्हापासून मी सहसंबंधाचा फरक घटनाक्रमांकापुढे मांडूनच पाहतो. एक अरुंद पट्टा आडवा चालत राहायला हवा, आणि तो ज्या क्रमांकाला विस्कटतो तो क्रमांक तेथेच वाचता येतो. रनही लहान ठेवावेत, अर्ध्या तासाहून मोठे नकोत.

अलाइनमेंट

अलाइनमेंट म्हणजे सर्व प्रतलांच्या नेमक्या जागा आणि दिशा ठरवणे. संवेदकांच्या जागा हाताने मोजून मिलिमीटरपर्यंत कळतात आणि आपल्याला मायक्रॉन हवे असतात. मधले अंतर मार्ग स्वतःच भरून काढतात, पण कोणती चूक किती महाग पडते हे आधी समजून घ्यावे.

बीमच्या अक्षाभोवतीचे फिरणे सर्वांत महाग आहे. प्रतल १ मिलिरेडियनने, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतके, फिरलेले असेल तर मध्यापासून १० मिलिमीटर दूर असलेला पिक्सेल १० मायक्रॉन सरकतो. उलट प्रतल पुढेमागे १ मिलिमीटर चुकले तरी समांतर बीममध्ये फारसे बिघडत नाही. मार्गाचा उतार १ मिलिरेडियन असेल तर चूक १ मायक्रॉनची होते. म्हणून बीमच्या दिशेतील अंतर साध्या पट्टीने नीट मोजून तसेच वापरावे, आणि मार्गांकडून ते काढून घेण्याच्या फंदात पडू नये. सर्व मार्ग जवळजवळ समांतर असतील तर ती माहिती त्यांच्यात नसतेच, आणि संगणक तेथे कोणताही आकडा आत्मविश्वासाने देतो.

क्रम असा ठेवावा. प्रथम सहसंबंधाच्या आलेखांवरून प्रत्येक प्रतलाचे आडवे-उभे सरकणे दुरुस्त करावे. मग सहा प्रतलांतून मार्ग बसवून सरकणे आणि फिरणे एकत्र काढावे. हे करताना पहिले आणि शेवटचे प्रतल स्थिर धरावे, नाहीतर सगळा टेलिस्कोप एका बाजूला कलला तरी आकडेमोड समाधानी राहते. स्वीकाराच्या मर्यादा सुरुवातीला सैल ठेवून फेरीगणिक आवळाव्यात. डीयूटीची अलाइनमेंट सर्वांत शेवटी, टेलिस्कोप गोठवून मगच करावी, आणि त्याचे मोजमाप मार्ग बसवताना कधीही वापरू नये. ज्याची परीक्षा घ्यायची आहे त्याच्याच हाती उत्तरपत्रिका दिल्यासारखे ते होईल.

अलाइनमेंट एकदा केली की संपली, असेही नाही. अॅल्युमिनियमची २०० मिलिमीटर लांबीची चौकट एका अंशाच्या फरकाने ४.६ मायक्रॉन लांबते. दुपारी हॉलचे मोठे दार उघडले आणि हॉलच्या तापमानात दोन अंशांचा फरक पडला, तर सकाळची अलाइनमेंट संध्याकाळी चालणार नाही. तापमानाची नोंद सतत ठेवावी आणि प्रत्येक रनसाठी फरकांचा मध्य शून्यावर आहे का ते पाहावे. कोणी डीयूटीची पेटी हलवली असेल तर नवी अलाइनमेंट करावीच लागते, मग हलवणारा ‘अगदी किंचित’ म्हणत असला तरी.

विभेदन कसे सांगावे

विभेदन म्हणजे संवेदकाने सांगितलेल्या जागेतली त्याची स्वतःची अनिश्चितता. ते काढताना कमी ऊर्जेवर मार्गाला सरळ रेषा बसवू नये. प्रत्येक पदार्थात मार्गाला थोडे वळण घेऊ देणारे ‘जनरल ब्रोकन लाइन्स’ हे गणित यासाठीच आहे, आणि कॉरीव्रेकन या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ते तयार मिळते. त्याला प्रत्येक प्रतलाची जाडी, हवेसकट, खरी सांगावी लागते.

डीयूटीवर टेलिस्कोपने सांगितलेली जागा आणि डीयूटीने सांगितलेली जागा यांतील फरकांचा पसारा म्हणजे डीयूटीची चूक नव्हे. त्यात टेलिस्कोपची चूकही मिसळलेली असते, आणि दोघींचे वर्ग बेरजेत येतात. समजा, फरकांचा पसारा ५.८ मायक्रॉन आला आणि मार्गाची अनिश्चितता २.५ मायक्रॉन आहे. तर ३३.६ मधून ६.३ वजा करून वर्गमूळ घेतले की डीयूटीचे स्वतःचे विभेदन ५.२ मायक्रॉन निघते. मार्गाची अनिश्चितता ५ मायक्रॉन असती तर हीच वजाबाकी ३३.६ मधून २५ अशी झाली असती, आणि त्या ५ मध्ये अर्ध्या मायक्रॉनची जरी चूक असती तरी उत्तर २.९ च्या आसपास बरेच खालीवर हलले असते. असा आकडा छापू नये. टेलिस्कोप डीयूटीपेक्षा स्पष्टपणे अचूक असेल, तरच ही वजाबाकी विश्वासार्ह असते. पसाऱ्याला घंटेसारखा वक्र बसवताना शेपट्या कापल्या असतील तर किती टक्के नोंदी कापल्या तेही सोबत सांगावे.

संवेदक बीमला काटकोनात ठेवून मिळालेला आकडा आणि तो तिरपा करून मिळालेला आकडा वेगवेगळे असतात. पिक्सेल ५५ मायक्रॉनचा आणि जाडी ३०० मायक्रॉनची असेल, तर सुमारे १० अंश तिरपे केल्यावर कणाचा मार्ग जवळपास नेहमी दोन पिक्सेलमध्ये विभागला जातो आणि प्रभाराच्या वाटणीवरून जागा अधिक नेमकी कळते. म्हणून कोन न सांगता दिलेल्या विभेदनाला फारसा अर्थ नसतो.

कार्यक्षमता

कार्यक्षमता म्हणजे गेलेल्या कणांपैकी किती टक्के डीयूटीने पकडले. वेळेच्या साक्षीदाराने दुजोरा दिलेले मार्ग भाजकात, आणि त्यांपैकी ज्यांच्या जवळ डीयूटीने पुंजका दाखवला ते अंशात. ‘जवळ’ म्हणजे किती, हे ठरवायला मर्यादा हळूहळू वाढवून कार्यक्षमता कोठे सपाट होते ते पाहावे. त्यानंतर हाच शोध डीयूटीवर मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकवून करावा. तेथेही काही पुंजके सापडलेच तर तो गोंगाटाचा वाटा आहे, आणि आपल्या कार्यक्षमतेत तेवढी फुकटची भर पडलेली आहे. बंद केलेले पिक्सेल आणि त्यांच्या शेजारचा पट्टा भाजकातून वगळायचा असेल तर वगळावा, पण असे किती पिक्सेल आहेत हे निकालाशेजारीच लिहावे.

एकूण आकड्यासाठी फार नोंदी लागत नाहीत. ९९ टक्के कार्यक्षमतेसाठी १०,००० मार्गांवर सांख्यिकीय अनिश्चितता ०.१ टक्का येते. पण खरा बोध एका पिक्सेलच्या आतल्या नकाशात असतो. सगळ्या पिक्सेलमधले मार्ग एकाच पिक्सेलवर दुमडून त्याचे २० × २० खण केले तर ४०० खण होतात, आणि प्रत्येक खणात तीच अचूकता हवी असेल तर चाळीस लाख मार्ग लागतात. बीमचा वेळ मागताना हा हिशेब आधी करावा. नकाशा भरला की वर सांगितलेले चार कोपरे स्वतःहून समोर येतात: मध्यभाग भरीव, कडा किंचित फिक्या, आणि कोपऱ्यांत खळगे. थ्रेशोल्ड १,५०० वरून १,००० इलेक्ट्रॉनांवर आणला की ते खळगे भरतात की नाही, हे त्याच रात्री पुढच्या रनमध्ये तपासून पाहावे, कारण डीयूटी पेटीतून काढल्यावर तीच स्थिती पुन्हा मिळत नाही.